अनोळखी पाखरू आणि खरी साक्ष

दिवाळी उलटून हरभरा-गव्हाची पेरणी आटोपली म्हणजे आमच्या चोपडा तालुक्यात पाखरांची वर्दळ वाढते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि मध्ये केळीचे हिरवेगार मळे, अशा या पट्ट्यात डोंगरातले पाखरू खाली उतरते, नदीकाठचे वर चढते, आणि हिमालयापलीकडून निघालेलेही काही येथे चार महिने मुक्कामास येतात. विहिरीवरच्या निंबावर किंवा केळीच्या पाटावर एखादे नवखे पाखरू बसलेले दृष्टीस पडते. मूल विचारते, "बाबा, हे कोणते?" आणि वडील मान वर करतात न करतात तोच उत्तर देऊन मोकळे होतात. पाहण्यास जो वेळ द्यावयाचा तो पाखरास न मिळता उत्तरास मिळतो.

वाचकहो, आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा तो हाच. ज्याची ओळख आपणांस पटलेली नाही त्यास खात्रीचे नाव देणे ही नुसती चूक होय, की तो असत्य भाषणाचा एक प्रकार होय? प्रश्न क्षुल्लक आहे असे पुष्कळांस वाटेल. पाखराचे नाव चुकले म्हणून कोणाचे शेत बुडत नाही, असे कोणी म्हणेल. आम्हीही बरीच वर्षे असेच म्हणत होतो.

प्रथम एक नित्याचे उदाहरण घेऊ. ओल्या मातीत चोच खुपसून अळ्या टिपीत फिरणारा एक पक्षी खानदेशातल्या प्रत्येक अंगणात येतो. अंगाने बदामी, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, चोच लांब व किंचित बाकदार, आणि डोक्यावर पंख्याप्रमाणे उघडणारा व मिटणारा तुरा. यास हुदहुद म्हणतात. परंतु गावात विचाराल तर पुष्कळ लोक त्यास 'सुतार' म्हणून सांगतील. खरा सुतार पक्षी निराळा. तो खोडास उभा चिकटतो, ताठ शेपटीचा टेकू घेतो, आणि त्याची चोच पटाशीसारखी सरळ असते. आपल्या आमराईत येणाऱ्या सुताराची पाठ सोनेरी व तुरा तांबडा असतो. ही गफलत कशी झाली असेल? शाळेच्या पुस्तकात सुताराचे नाव व चित्र पाहिले. चोच मोठी, डोक्यावर तुरा, एवढेच ध्यानात राहिले. पुढे अंगणात चोच व तुरा दिसताच ते नाव त्यास चिकटविले. ज्या पाखराने जन्मात लाकूड कोरले नाही त्याच्या माथी सुतारकी आली.

ही चूक अडाण्यांचीच होते असे कोणी समजू नये. लेवीयाच्या अकराव्या अध्यायात अभक्ष्य पक्ष्यांची जी यादी आहे तीत 'दुखीफत' असा एक इब्री शब्द आहे. १६११ साली इंग्रजी भाषांतर झाले तेव्हा विद्वानांनी तेथे टिटवीच्या जातीचे नाव घातले. पुढे १८८५ सालच्या सुधारलेल्या भाषांतरात तेथे हुदहुद आला, आणि आता तोच अर्थ सर्वत्र मान्य आहे. पावणेतीनशे वर्षे इंग्रजी वाचणारे लोक टिटवी समजत होते तो हुदहुद होता. २००८ साली इस्राएल देशाने याच पाखरास आपला राष्ट्रीय पक्षी ठरविले. १६११ च्या भाषांतरकारांस दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे पाखरू नव्हते, जुना शब्द तेवढा होता, आणि यादीत जागा रिकामी ठेवण्याची सोय नव्हती. आमच्यापुढे मात्र पाखरू बसलेले असते.

आता आमचा स्वतःचा अपराध सांगतो. तीन वर्षांपूर्वी माघ महिन्यात, सकाळी आठाच्या सुमारास, अडावदच्या वाटेवरील आमच्या मेव्हण्यांच्या केळीच्या बागेत आम्ही गेलो होतो. विहिरीच्या काठी जुना उंबर आहे. त्याच्या उघड्या फांदीवर, भर उन्हात, एक लहानसे घुबड बसले होते. सातपुड्यात रानपिंगळा नावाचे अत्यंत दुर्मिळ घुबड आहे व ते दिवसा वावरते, एवढे आम्ही वाचलेले होते. दिवस होता, सातपुड्याचा पायथा होता, घुबड होते. मग शंका कसली? आम्ही तेथल्या तेथे निकाल देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर चित्र काढले, मुलांस मोठ्या अभिमानाने सांगितले की, सगळ्या जगात जे पाखरू थोडे उरले आहे ते आपल्या शिवारात आहे. बातमी दोन गावे गेली. जळगावहून एक तरुण कॅमेरा घेऊन आला.

मेव्हण्यांकडे एक पावरा गृहस्थ सालदार आहेत. वय पन्नाशीचे, जन्म वरच्या पाड्यावरचा. ते बारे देता देता थांबले, वर पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हा तर रोजचाच आहे. याच्या डोक्यावर दाणे सांडल्यागत ठिपके आहेत, बघा ना. वरच्या रानातला निराळा. त्याचं डोकं कोरं असतं, आणि पायांवर पिसं दाट." आम्ही हसून म्हणालो, "दादा, हे पुस्तकातले आहे, तुम्हांस कसे कळणार?" ते काही बोलले नाहीत. खाली वाकून पाटाचे तोंड फिरवू लागले.

त्या तरुणाने काढलेल्या छायाचित्रात डोक्यावरचे ठिपके एकेक करून मोजता येत होते. तो साधा पिंगळा होता, जो प्रत्येक गावात जुन्या वाड्याच्या भिंतीत राहतो आणि दिवेलागणीस जोडीने कलकलाट करतो. तोही थंडीच्या दिवसांत सकाळचे ऊन खात बसतो, हे आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते. बरे, चूक झाली ती झाली. परंतु ती कळल्यावर आम्ही काय केले? तीन आठवडे गप्प राहिलो. कोणी विषय काढला तर दुसऱ्या गोष्टीवर जात असू. चूक एका सकाळची होती, तिच्यावरचे पांघरूण तीन आठवड्यांचे होते. अखेर ज्या फळ्यावर चित्र काढले होते त्याच फळ्यापुढे उभे राहून मुलांस खरे सांगितले, आणि त्या सालदार भाऊंकडे जाऊन क्षमा मागितली. ते म्हणाले, "त्यात काय गुरुजी, पाखरूच ते." पण वर्गातील एका मुलीने जे विचारले ते अद्याप आमच्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "गुरुजी, मग तुम्ही त्या दिवशी पाहिलं काय होतं?"

या प्रश्नास आम्हांजवळ उत्तर नव्हते. आम्ही ऊन पाहिले होते, डोंगर पाहिला होता, पुस्तकातले वाक्य आठवले होते. पाखराचे डोके पाहिले नव्हते. पाय पाहिले नव्हते. तरी "मी पाहिले" असे आम्ही पन्नास मुलांपुढे सांगितले.

या दोन पाखरांतील भेद पाहणारास कळण्यासारखा आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, आणि पोटावर तुटक तपकिरी खुणा असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी, छातीचा वरचा भाग गडद तपकिरी, आणि खालचे पोट शुभ्र असते. शेपटीवर रुंद पट्टे असतात. चोच व पंजे शरीराच्या मानाने दणकट, आणि पाय बोटांपर्यंत पांढऱ्या दाट पिसांनी झाकलेले. सागाच्या विरळ रानात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून तो सरडे, सापसुरळ्या व उंदीर टिपतो, आणि बसल्या बसल्या शेपटी आडवी हालवितो. यांतील प्रत्येक खूण डोळ्यांनी तपासता येते. तपासावयास थोडा वेळ लागतो, इतकेच.

या रानपिंगळ्याचा इतिहास आमच्या खानदेशाशी जडलेला आहे, आणि आजच्या प्रश्नावर त्याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही. १८७२ साली ब्लेविट नामक गृहस्थांस आताच्या छत्तीसगडात फुलझरच्या बाजूस हे पाखरू प्रथम मिळाले. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन करून ब्लेविटांचे नाव त्यास दिले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत ज्यांनी पुढाकार घेतला तेच हे ह्यूम. १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल यांस ओडिशातील खरियार येथे एक सापडले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या चार वर्षांत पश्चिम खानदेशात शहादे-तळोद्याच्या बाजूस काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा नाहीसा झाला. नाहीसा झाला म्हणजे मेला असे नव्हे. कोणा जाणत्याच्या दृष्टीस पडला नाही, किंवा ज्यांच्या दृष्टीस रोज पडत होता त्यांस कोणी विचारले नाही.

पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे पक्ष्यांच्या विद्येत मोठे नावाजलेले इंग्रज सेनाधिकारी होते. त्यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचे एक पेंढा भरलेले कातडे होते, आणि त्यावर चिठ्ठी होती की, हे पाखरू १९१४ साली तापीकाठी, सुरतेकडील मांडवी येथे मिळाले. एवढ्या मोठ्या माणसाच्या लेखावर शंका कोण घेणार? ग्रंथांत मांडवीचे नाव गेले. रानपिंगळा १९१४ पर्यंत जिवंत होता व गुजरातेत होता, असे सर्वांनी धरून ठेवले. सलीम अली व अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनीही या पाखराचा शोध केला, तो निष्फळ झाला. १९६७ साली कर्नलसाहेब वारले तेव्हा लोकांत त्यांची कीर्ती कायम होती.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने त्यांच्या संग्रहातील पाखरे एकेक करून तपासावयास घेतली. त्यांस असे आढळले की, कर्नलसाहेबांनी संग्रहालयातील इतरांचे नमुने चोरून, त्यांवरील चिठ्ठ्या काढून, आपल्या खोट्या चिठ्ठ्या लाविल्या होत्या. मांडवीचा रानपिंगळा हा वस्तुतः डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेलाच एक होता. कातडे उकलून पुन्हा निराळ्या रीतीने भरलेले होते. परंतु प्रत्येक माणसाची कातडे भरण्याची हातोटी वेगळी असते, आणि क्ष-किरणांच्या चित्रात डेव्हिडसन यांच्या हाताच्या खुणा आत शिल्लक दिसल्या. हे सर्व त्यांनी नायजेल कॉलर यांच्यासह १९९९ साली प्रसिद्ध केले.

मांडवीची चिठ्ठी खोटी हे ओळखल्यामुळे रासमुसेन बाईंनी ते ठिकाण वगळले, आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट या सोबत्यांसह खऱ्या चिठ्ठ्यांच्या ठिकाणी शोध केला. पूर्वेकडील जुन्या जागी काही मिळाले नाही. तेथून ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या झाडावर लहानसे घुबड बसलेले त्यांस दिसले. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ साली निराळा झाला. आनंदाने ओरडण्याचे त्यांस पुरेपूर कारण होते. परंतु त्यांनी प्रथम डोके पाहिले, ठिपके आहेत की नाहीत ते पाहिले, छाती पाहिली, पोट पाहिले, पाय पाहिले, आणि छायाचित्रे व चलच्चित्रे घेतली. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा परत मिळाला तो अशा रीतीने. नंतर तोरणमाळ, मेळघाट, आणि आमच्या शेजारच्या यावल अभयारण्यातही त्याची वस्ती असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे आम्ही केळीच्या बागेत ज्याचे खोटे नाव घेतले तो खरा रानपिंगळा आमच्या शेजारच्या रानात राहात होता. हे स्मरले म्हणजे आम्हांस अजूनही ओशाळल्यासारखे होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कर्नलसाहेब जाणूनबुजून खोटे बोलले. आम्ही अजाणता चुकलो. या दोहोंत भेद आहे हे कोणीही कबूल करील. न्यायालयही हेतू पाहते. तथापि आम्ही आपल्या मनाची नीट झडती घेतली तेव्हा हा भेद वाटला होता तितका रुंद निघाला नाही. आमचा हेतू खोटे बोलण्याचा नव्हता हे खरे. परंतु खरे बोलण्याचा तरी होता काय? आमचा हेतू सांगण्याचा होता. दुर्मिळ पाखरू आम्ही पाहिले असे लोकांनी म्हणावे हा होता. कर्नलसाहेबांसही तेच पाहिजे होते. त्यांनी त्याकरिता चोरी केली, आम्ही त्याकरिता डोळे मिटले. "मी पाहिले" हे वाक्य साक्षीदाराचे आहे. ते उच्चारणाऱ्याने जे पाहिले नाही ते त्यात घातले, तर त्याची खात्री कितीही प्रामाणिक असो, साक्ष खोटीच होते. खात्री ही मनाची अवस्था आहे, ती डोळ्यांचे काम करीत नाही. आणि ज्याने सांगितलेले इतर लोक खरे मानतात, त्या शिक्षकाची किंवा उपदेशकाची जोखीम याबाबत इतरांहून अधिक आहे. मांडवीची चिठ्ठी एखाद्या अनोळखी शिकाऱ्याची असती तर तिच्यामागे कोण धावले असते?

कोणी म्हणेल, पाखरास नावाचे काय सुखदुःख? त्यास कोणत्याही नावाने हाक मारा, ते तसेच उडणार. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. आमच्या लहानपणी घराच्या आढ्यावर पिंगळा बसला की, "घुबड आले, कोणी तरी जाणार," असे म्हणून मोठी माणसे दगड घेऊन उठत. पहाटे पिंगळा जोशी दारी येई, तेव्हा त्याच पाखराची भाषा आपणांस कळते असे सांगून तो भिक्षा घेई, आणि तीच माणसे त्यास सुपाने धान्य घालीत. पाखरू एकच. दगड किंवा धान्य हे नावावर अवलंबून. जादूटोण्याकरिता घुबडे धरून मारण्याचा दुष्ट प्रकार आपल्या देशात अजून पुरता बंद झालेला नाही. उलट रानपिंगळा या नावामुळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण त्यास मिळते, आणि तो जेथे आहे तेथल्या सागाच्या रानाकडे सरकारचे लक्ष जाते. २०१८ साली जागतिक यादीत त्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तांतून संकटग्रस्तांत आला. याचे एक कारण हे की, जाणत्यांनी नीट पाहून त्याच्या आणखी वस्त्या शोधून काढल्या. तेव्हा नावाने जीव जातो आणि नावाने वाचतो, हे पाखराच्या बाबतीतही अक्षरशः खरे आहे.

आणि ही सवय पाखरांपाशी थांबत नाही. ओझरते पाहून नाव ठेवण्याची जी चटक लागते ती माणसांवरही चालते. त्याच २०१८ साली, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकरी आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. परका वेष, परकी बोली, खांद्यावर झोळी, एवढे पाहिले आणि कोणी तरी नाव उच्चारले. पुढे शेकडो लोकांनी ते नाव खरे मानले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचांस ठार मारण्यात आले. त्या गर्दीतील एखाद्यास वर्गातील त्या मुलीने विचारले असते की, "दादा, तुम्ही पाहिलं काय होतं?" तर तो काय सांगणार होता? झोळी पाहिली होती. यापलीकडे त्याने काही पाहिले नव्हते. केळीच्या बागेतील आमची चूक आणि हा भयंकर प्रकार यांस एका तराजूत घालण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु दोहींचे बी एकच आहे असे आम्हांस वाटते, आणि ते बी मुलांच्या मनात आपणच घरोघर पेरीत असतो, तेही फार लहान वयात, पाखरे दाखविता दाखविता.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे, नाही तर आमचे म्हणणे लंगडे राहील. "मला ठाऊक नाही" हे वाक्य प्रामाणिक असते, पण ते आळशी माणसाचेही आवडते वाक्य आहे. पुष्कळ सज्जन मनुष्य आयुष्यभर "असेल काही तरी पाखरू" असे म्हणून मान खाली घालून चालतात, आणि यास नम्रता समजतात. ही नम्रता नव्हे. अंगणात आलेल्या पाहुण्याचे नाव चुकीचे घेणे वाईट, पण नावच न विचारणे हेही काही सौजन्य नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात प्राणी आदामापुढे आणले गेले व त्याने त्यांस नावे दिली, असे आहे; प्रत्येकास समोर पाहून मग नाव दिले, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

१८९६ साली जन्मलेल्या सलीम अलींचा लहानपणचा प्रसंग पुष्कळांनी ऐकला असेल. त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्याखाली पिवळा डाग होता. घरच्या चिमणीस तसा नसतो. "चिमणीच ती" असे म्हणून सोडून देणे अगदी सोपे होते. त्यांनी ती उचलून मामांस दाखविली. मामांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठविले. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. साहेबांनी त्या मुलास हाकलून न देता तिची खरी ओळख सांगितली आणि कपाटे उघडून शेकडो पक्षी दाखविले. पुढे त्याच मुलाने १९४१ साली भारतीय पक्ष्यांचे पुस्तक लिहिले, ज्यावरून आजही लोक पाखरे ओळखतात. ठाऊक नाही हे कबूल करून तो तेथे बसून राहिला नाही. हातातले पाखरू घेऊन विचारावयास निघाला.

विचारावे कोणास, हाही प्रश्न आहे. सोसायटीचे दार सर्वांच्या जवळ नसते. परंतु पाटाचे तोंड फिरविणारा मनुष्य जवळ असतो. मारुती चितमपल्ली यांनी जन्मभर रानात नोकरी करून जो पक्षिकोश सिद्ध केला, त्यामागे आदिवासी व रानातल्या लोकांकडून ऐकलेल्या कितीतरी गोष्टी आहेत. वनाधिकारी असून ते त्यांच्यापाशी शिष्य होऊन बसले. आमच्या हातून जे झाले त्यात पाखराचे नाव चुकणे हा धाकटा भाग होता. ज्याने नीट पाहिले होते त्यास, तो पावरा म्हणून व सालदार म्हणून, आम्ही साक्षीदारच मानले नाही, हा थोरला भाग.

हल्ली आमच्या शाळेत एक वही ठेविली आहे. तीत डाव्या पानावर जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावयाचे: आकार, रंग, चोच, पाय, कोठे बसले, काय खाल्ले, कसा आवाज केला. उजव्या पानावर नाव, आणि ते कोणी सांगितले त्याचे नाव. डावे पान भरल्यावाचून उजव्यास हात लावावयाचा नाही. पहिल्या वर्षी मुलांनी उजवी पाने भराभर भरली व मग निम्मी खोडली. आता रिकामी ठेवितात.

त्या वहीतील एक नोंद येथे उतरून देतो. चिमणीहून थोडे लहान व सडपातळ. वरून भुरकट, किंचित शेवाळी छटेचे. खालून मळकट पांढरे. डोळ्याच्या वर फिकट बारीक रेघ, ती चोचीपासून निघून डोळ्याच्या थोडी मागे जाऊन संपते. चोच बारीक व टोकदार. केळीच्या वाळक्या पानांत व बांधावरच्या झुडपांत दडून फिरते, क्वचितच बाहेर येते. "चक् चक्" असा दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज पुनःपुन्हा करते. दसऱ्याच्या सुमारास प्रथम ऐकिले. चैत्र उलटल्यावर ऐकू आले नाही. दोन वर्षे अशीच नोंद आहे. कोणी वटवट्याची जात म्हणतात. परंतु वटवटे पुष्कळ जातींचे आहेत, सबब उजवे पान कोरे आहे.

सातपुड्याच्या पाड्यांवरील किंवा तापीकाठच्या बंधुभगिनींपैकी कोणी हे पाखरू पाहिले असल्यास कृपा करून कळवावे. आपल्या बोलीत त्यास काय म्हणतात तेही लिहावे, आणि त्याबरोबर आपण स्वतः काय पाहिले तेही लिहावे.